आधी कोण उतरणार

हुकूमशहा कसा तयार होतो, हे मला कुणी शिकवायला नको. एक मी तयार केलाय. एकटीनं नव्हे, सगळ्या गावानं मिळून. पण त्यात माझे दोन हात होते आणि एक भलताच मोठा आवाज होता, हे या वयात कबूल करायला हरकत नाही. दात गेले, गुडघे गेले, आणि ज्यांनी हे वाचून मला बडवलं असतं ते सगळे माझ्या आधी गेले. तेव्हा लिहून टाकते.

गाव आमचं बेंबळीच्या बाजूचं, निजामाच्या राज्यातलं. जर्मनीची लढाई चालू होती. ती आमच्यापासून किती हजार कोस लांब होती कोण जाणे, पण आमच्या कंदिलातलं घासलेट तीच पीत होती. साखर कंट्रोलवर, कापड कंट्रोलवर, घासलेट कंट्रोलवर. महिन्यातून एकदा चावडीपुढं घासलेटचे डबे उतरायचे आणि सगळं गाव बाटल्या घेऊन त्यावर तुटून पडायचं. धट्टेकट्टे गडी पुढं, म्हातारीकोतारी मागं, बायका मधे चेंगरून. एकदा माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, रिकामी बाटली आणि अर्धं लुगडं घेऊन घरी आली. उरलेलं अर्धं चावडीच्या खिळ्याला लटकत होतं.

मी तेव्हा दहा वर्षांची. अंगानं काडी, तोंडानं तोफ. शेजारी उर्दूचे मास्तर राहायचे. त्यांच्या ओसरीवर बसून मी उर्दू वाचायला शिकले होते. गावात उर्दू वाचता येणारी माणसं चार, त्यात बाईमाणूस मी एकटी, आणि ही गोष्ट मी दिवसातून दहा वेळा तरी लोकांच्या ध्यानात आणून द्यायची. मास्तरांकडं आठवडाभर शिळा अखबार यायचा. त्यातल्या लढाईच्या बातम्या मी ओरडून वाचायची. मला जर्मनीचा तो मिशीवाला फार आवडायचा. इंग्रजाला रडवतो म्हणजे आपलाच माणूस, एवढंच माझं राजकारण. एकदा तर चुलीतल्या कोळशानं नाकाखाली चौकोनी मिशी काढून मी शेळ्यांपुढं भाषण ठोकलं. शेळ्यांनी ते रवंथ करत शांतपणे ऐकलं. पुढं मोठी झाल्यावर कळलं, की शिकल्यासवरल्या देशातल्या माणसांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं.

मास्तरांना मी विचारलं, "मास्तरसाब, हा एवढा मोठा झाला कसा?"

मास्तर सुपारी कातरत होते. "पहले तो काम का आदमी रैता, बेटा," ते म्हणाले. "वोइच तो गड़बड़ है."

मला वाटलं, म्हातारा चळला. माणूस कामाचा असला तर त्यात गडबड कसली?

आमच्या गावातला कामाचा माणूस त्याच महिन्यात उगवला. तो आमच्याच गल्लीतला. तोवर त्याला कुणी हिशेबात धरत नव्हतं. लामावर, म्हणजे लढाईच्या भरतीत गेला होता आणि आठ महिन्यांत परत आला होता. येताना खाकी चड्डी, एक शिट्टी आणि लंगडा पाय घेऊन आला. पायाला गोळी लागली असं तो सांगायचा. बैलानं पाय दिला असं त्याची आई सांगायची. आम्ही दोघांचंही ऐकायचो.

तर त्या महिन्याला डबे उतरले, रेटारेटी सुरू झाली, आणि एकाएकी चावडीच्या कट्ट्यावरून शिट्टी वाजली. अशी कर्कश, की गाडीचे बैलसुद्धा कान टवकारून उभे राहिले.

"लाईन!" तो ओरडला. "बायका आधी! म्हाताऱ्या म्होरं! जो ढकलंल त्याची बाटली फोडीन!"

आणि काय सांगू, लाईन लागली. गावाच्या जन्मात पहिल्यांदा. अव्वा अख्खं लुगडं आणि भरलेली बाटली घेऊन घरी आली. पाटील थकले होते, चार शब्द बोलले की त्यांना दम लागायचा. ते म्हणाले, "पोरा, दर महिन्याला आता तूच बघ रं बाबा." सगळे म्हणाले, बघ. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणाले.

सुरुवात ही अशी. कुणी कट केला नाही, कुणी तलवार उपसली नाही. एक लुगडं फाटायचं वाचलं.

घासलेटच्या कार्डांची यादी उर्दूत असायची आणि त्याला ती वाचता येत नव्हती. त्यानं घासलेटचा रिकामा डबा पालथा घातला, मला त्यावर उभं केलं आणि यादी हातात दिली. उंची वाढली ती फूटभर. माझ्या मते मी धाराशिवच्या तालुकदाराच्या, म्हणजे कलेक्टरच्याही वर गेले. मी नाव पुकारीन तेव्हा माणूस पुढं येणार, मी नाव गिळलं तर माणूस उन्हात उभा! एका म्हातारीनं मला तिच्या झाडाच्या चिंचा पाडू दिल्या नव्हत्या. तिचं नाव मी तीन महिने सगळ्यांत शेवटी वाचलं.

"पोरी, माझं नाव वर व्हतं की गं मागल्या बारीला," ती म्हणाली.

"यादी बदलली, आजी. वरून हुकूम आलाय."

वरून म्हणजे डब्यावरून.

लोक त्याला सदर म्हणायला लागले. उर्दूत अध्यक्षाला सदर म्हणतात. त्याला कुणी नेमलं नव्हतं. यादीखाली सहीपुढं काहीतरी हुद्दा शोभेल, म्हणून मीच तो लिहिला होता. अक्षर माझं वळणदार होतं, त्यामुळं सगळ्यांना खरं वाटलं.

मग एकेक वाढत गेलं. लाईन मोडू नये म्हणून चार काठीवाले आले. ते दिवसभर उभे राहतात, मग खाणार काय, म्हणून घराघरातून त्यांना पाळीनं भाकरी आली. भाकरीची पाळी चुकली तर त्या घराचं नाव घासलेटच्या यादीत खाली. मग सदर आला की बसलेल्यानं उठायचं. मास्तर एकदा उठले नाहीत, त्यांचा गुडघा धरला होता. पुढच्या महिन्यात यादीतून त्यांचं नाव गळलं. मी वाचत होते. नाव गळलंय हे मला दिसलं. ज्या माणसानं मला ती अक्षरं शिकवली त्याचंच नाव कागदावर नव्हतं, आणि मी न थांबता खालचं नाव पुकारलं. तो महिना मास्तर अंधारात बसले. मी आमच्या कंदिलाखाली बसून त्यांनीच दिलेला अखबार वाचत होते. ही एक गोष्ट मला हसत सांगता येत नाही, म्हणून लवकर पुढं जाते.

घरात माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, हे पटत नव्हतं. मला तो डब्यावरची मैना म्हणायचा.

"अगं, त्यो कुठं बोलतो? तूच बोलतीस. तू गप बसलीस तर त्यो मुका हाय."

"का गप बसू? समदं शिस्तीत चाललंय की."

"शेळ्याबी शिस्तीतच जात्यात. खाटकाकडं."

मी त्याला जीभ दाखवली. राज्य चालवणाऱ्या बाईनं याहून वेगळं काय उत्तर द्यायचं?

लढाई संपली. मिशीवाला मेला. कंट्रोल मात्र जागच्या जागी. आणि एका महिन्यात डबेच कमी उतरले. लाईनीतून पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, "सदर, बाकीचं डबं कुठं गेलं?" मागून आणखी दोघं ओरडले. आता कामाच्या माणसाला उत्तर देणं भाग होतं. तो कट्ट्यावर चढला आणि त्यानं ओढ्याकडं बोट केलं.

"पल्याडच्या गावानं उतरून घेतलं! तुमच्या लेकराबाळांचा उजेड त्यांनी पळवला!"

ओढ्यापल्याडचं गाव म्हणजे काही परमुलूख नव्हता. माझी सख्खी मावशी तिथं दिलेली होती. ओढा तरी केवढा, उन्हाळ्यात कोंबडी पाय न भिजवता ओलांडायची. तरी त्या दिवसापासून पल्याडचे लोक चोर झाले. त्यांचा गूळ काळा, त्यांचे बैल मरतुकडे, त्यांचं बोलणं हेल काढून. आदल्या महिन्यापर्यंत आम्हीही तसेच हेल काढून बोलत होतो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी डब्यावरून घोषणा दिल्या. मीच बांधल्या होत्या. यमक फार झकास जुळलं होतं, म्हणूनच इथं सांगत नाही. अजून कुणाच्या तोंडी बसायचं.

एका सकाळी आमचे गडी काठ्या घेऊन ओढ्यात उतरले. पल्याडचेही उतरले. सदर अल्याडच्या दरडीवर उभा होता. एक शिट्टी म्हणजे पुढं, दोन शिट्ट्या म्हणजे आणखी पुढं. मागं फिरा म्हणायची शिट्टी त्यानं ठरवलीच नव्हती. अण्णा आपण होऊन गेला नव्हता. काठीवाल्यांनी त्याला दारातून ओढून नेलं, यादीत नाव आहे म्हणून. यादी कुणी वाचली होती ते विचारू नका. त्याचं उजवं मनगट मोडलं, ते आमच्याच मावसभावाच्या काठीनं, आणि पुढं कधी धड बसलं नाही.

डबे पल्याड नव्हतेच. ते कुठं गेले ते आजवर कळलं नाही. एवढंच आठवतं, की त्या दिवसांत सदरच्या घरी भर दुपारी कंदील जळायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी गावानं त्याला हाकललं असेल. छे! पल्याडचे सूड घ्यायला येतील या भीतीनं चाराचे आठ काठीवाले झाले. आधी तो घासलेटासाठी हवा होता. आता त्यानं लावलेल्या भांडणातून वाचायला तोच हवा झाला.

पुढं इंग्रज गेला, आणि आमचा निजाम म्हणायला लागला, मी कुणात मिसळत नाही. वर्दी घातलेली हत्यारबंद माणसं गावोगाव फिरून धान्य उचलायला लागली. सदर त्यांना जाऊन मिळाला. ते पहिल्यांदा गावात आले तेव्हा त्यांच्यापुढंही मास्तर उठून उभे राहिले नाहीत. गुडघा तोच होता.

मी चौदाची झाले होते. अव्वाला माझ्या लग्नाचा घोर. "डब्यावर हुबी ऱ्हानारी पोरगी कोन करनार गं?" ती म्हणायची. मला मात्र वाटायचं, मी सासरी गेले तर इथं कारभार कोण बघणार?

अशात एक दिवस सदर सहज बोलल्यासारखा म्हणाला, "गावात पेवं कुठं कुठं असतील गं? जाऊ दे, तुला काय म्हाईत असनार. पोरीची जात."

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. पांढऱ्या मातीत दोन पुरुष खोल, रांजणाच्या आकाराचं खणायचं, तोंड माणूस कसाबसा मावेल एवढंच. आत ज्वारी ओतायची, वर दगड, दगडावर माती लिंपायची. वरून बैलगाडी गेली तरी पत्ता लागत नाही. आमच्या भावकीच्या पाच घरांचं मिळून एक पेव होतं. त्या साली बाकीची ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली होती. पाच घरांचं वर्षाचं खाणं आणि पेरणीचं बी, जे काय होतं ते त्या एका भोकात. ते कुठं आहे हे बाप मुलाला सांगतो, तेही चार भिंतींच्या आत.

पण 'पोरीची जात' म्हणाला ना! मला मिरची झोंबली.

"मला न्हाय तर कुनाला म्हाईत? आमचं बाभळीच्या मागं हाय, उकिरड्याखाली."

"असं व्हय," तो म्हणाला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागला.

घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं, मी काय करून बसले ते. कुणाला सांगितलं मात्र नाही. चार वर्षं गावभर धडाडणारी तोफ नेमकी त्या दिवशी दमट झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. सदर, आठ काठीवाले आणि गाड्या घेऊन दोन वर्दीवाले. उकिरडा सारला, माती फोडली, दगड सरकवला. आतून तो आंबूस, कोंदट, ऊबदार वास वर आला. माझे वडील, आप्पा, बाजूला उभे होते. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. पाची घरची माणसं गोळा झाली आणि एकमेकांकडं बघायला लागली, की सांगितलं कुणी? मी आभाळाकडं बघत होते.

आता एक गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पेव फोडलं की लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेल्या धान्यानं आतली हवा विखारी झालेली असते. तोंड एक दिवस, एक रात्र उघडं ठेवायचं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला, तर उतरलेला माणूसही तसाच विझतो, हाक मारायलाही सवड मिळत नाही. आमच्या एका चुलत आजोबांना पेवानंच नेलं होतं. सदरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो काही विलायतेत वाढला नव्हता.

पण वर्दीवाल्यांना घाई. एकानं सूर्याकडं बघितलं. "जल्दी करो, सदरसाब. और दो गाँव जाने का है."

सदरनं खिशातून कागद काढला. उतरणाऱ्यांची यादी ठाण्यातल्या कारकुनाकडून त्यानं आधीच लिहून आणली होती. सवयीनं त्यानं मला हाक मारली. कुणीतरी सवयीनंच डबा आणून पालथा घातला. मीही सवयीनं चढले.

पहिलं नाव अण्णाचं होतं.

सदरला ते पाठ होतं. त्यानं खूण केली आणि एक काठीवाला अण्णाच्या कमरेला दोर बांधायला लागला. अव्वा पुढं आली.

"भावजी, दिवा सोडा आधी."

"साहेब म्हनायचं."

"दिवा सोडा, मग काय म्हनायचं ते म्हनते."

"दिव्याला घासलेट न्हाय," सदर म्हणाला. काठीवाले फिदीफिदी हसले. "आन् ह्यो एका हाताचा गडी, तसाबी काय कामाचा हाय? वाच गं नाव!"

अण्णानं माझ्याकडं पाहिलं.

मी शूरबीर काही नव्हते. पाय असे लटपटत होते, की खालचा डबा खडखड वाजत होता. लोकांना वाटलं असेल, पोरगी नाचतीय. मनात आलं, गप बसावं. पण गप बसून काय होणार, दोर तर बांधला होता. ओरडावं, तर माझं कोण ऐकणार? माझं एकच ऐकायची लोकांना सवय होती. म्हणून मी कागद नाकापुढं धरला आणि पार वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात पहिलं नाव वाचलं.

सदरचं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, हुद्द्यासकट.

आप्पांचं तोंड उघडं राहिलं.

"नीट वाच," सदर म्हणाला.

मी नीट वाचलं. आणखी मोठ्यानं. पुन्हा त्याचंच.

वर्दीवाल्याला उर्दू येत असणारच, तो कागद हिसकून घेईल, या धास्तीनं मी तो छातीशी आवळला. पण त्याला ज्वारीशी मतलब. नाव कुणाचं का असेना! तो सदरकडं वळला आणि जांभई देत म्हणाला, "नाम आया ना? तो उतरो."

"मी... मला कसं... पायाला गोळी लागलीय माझ्या."

तेवढ्यात गर्दीतून त्याची म्हातारी आई पुढं आली, हात जोडून. "नगा हो उतरवू माझ्या लेकराला! पाय अधू हाय त्याचा. बैलानं तुडवलाय हो!"

बिचारी लेकाचा जीव वाचवायला बोलली. पण आधी एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळं गाव. चार वर्षं पोटात दाबलेलं हसू होतं ते, आवरता आवरेना. चिंचेची म्हातारी तर खालीच बसली.

"दुसरा नाम," वर्दीवाला म्हणाला.

मी पहिल्या काठीवाल्याचं नाव वाचलं. त्यानं अण्णाच्या दोराची गाठ हातातून सोडली. "म्या न्हाय. माझी चुलती ह्याच पेवातलं खाती. आधी सदर उतरू द्या."

मी दुसऱ्याचं वाचलं.

"आधी सदर."

तिसऱ्यानं माझी वाटच पाहिली नाही. "आधी सदर!"

मग ते सगळ्या तोंडी झालं. पाटील खाटेवरून उठून काठी टेकत आले होते. त्यांनीही दम खात, दोन दमांत ते म्हटलं, "आधी... सदर."

सदरनं माझ्या कानाखाली ठेवून दिली. मी डब्यासकट गडगडले. त्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही. सुना कुरकुरतात त्या त्याच बाजूनं, त्यामुळं तक्रार नाही. मी भोकाड पसरणार, तोच अव्वा पेवाच्या तोंडाशी जाऊन मांडी घालून बसली आणि मला ओढून शेजारी बसवलं. राग आला की ती कानडीत जायची. "सुम्न कुंद्रु," ती म्हणाली. गप बस. चिंचेची म्हातारी येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसली. मग पाची घरच्या बायका. मग ज्यांचा त्या पेवात एक दाणा नव्हता त्याही.

वर्दीवाले दोनच होते आणि त्यांना आणखी दोन गावं करायची होती. "कल दोपहर को आते," त्यांतला मोठा म्हणाला. "हवा निकलने दो. अनाज पूरा नहीं मिला तो देख लेंगे." सदर त्यांच्या गाडीत चढून बसला. राखणीला दोन काठीवाले ठेवून गेला. ते दोघं आमचीच भाकरी खाऊन पेवाकडं पाठ करून बसले.

आप्पा त्याच दुपारी ओढा ओलांडून पल्याड गेले. टोपी हातात घेऊन गेले, एवढंच मला माहीत आहे. तिथं काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पल्याडून गाड्या आल्या. पहिल्या गाडीवर मावसभाऊ. तो आणि अण्णा समोरासमोर उभे राहिले, दोघंही पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

शेवटी अण्णा म्हणाला, "ह्यो डावा हात धर आन् चल. उजवा तू मोडलायस."

घासलेट कुणाकडंच नव्हतं. मास्तर गुडघा ओढत कंदील घेऊन आले. तळाशी बोटभर तेल जपून ठेवलं होतं त्यांनी. कंदील पेवात सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत जराशी कापली, मग सरळ जळायला लागली. आप्पा कमरेला दोर बांधायला लागले.

तेव्हा माझ्यानं राहवेना. "पेव कुठं हाय ते म्या सांगितलं व्हतं," मी म्हणाले. "सदरला."

आप्पांचा हात वर गेला आणि वरच राहिला. अव्वानं त्यांच्या हातातला दोर घेतला, माझ्या कमरेला गुंडाळला आणि अशी करकचून गाठ मारली की माझा श्वास अडला.

"मग आधी तू उतर," ती म्हणाली.

उतरले. तोंडातून खांदे सुटेनात, म्हणून वरून कुणीतरी डोकं दाबलं. मावसभाऊ असावा, आवडीनं दाबलं. खाली ज्वारीत गुडघ्यापर्यंत रुतले. भिंती कोमट, वास नाकात चढणारा, वर तव्याएवढं आभाळ आणि त्याच्या कडेनं माणसांची तोंडं. मी कंदिलावरची नजर हलवली नाही. ज्योत वाकडी झाली की माझं काळीज वाकडं व्हायचं.

"जिती हाईस का गं?" चिंचेची म्हातारी वरून ओरडली.

"हाय!"

"मग भर की टोपलं!"

मी भरलं. मग अण्णा सोडून सगळे आळीपाळीनं उतरले, पल्याडचेसुद्धा. दुपारपर्यंत ज्वारी ओढ्यापार गेली.

वर्दीवाले आले तेव्हा पेव झाडून लख्ख होतं. सदरनं शिट्टी वाजवून लाईन लावायला सांगितली, एकेकाला विचारायचं म्हणून. कुणी जागचं हललं नाही. मी डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं पांढरी, केसात ज्वारी. मला विचारायची गरजच नव्हती, तरी त्या मोठ्या वर्दीवाल्यानं विचारलं, "कौन उतरा था?"

"मी."

"किसके हुकूम से?"

"कुनाच्याबी न्हाय."

आवाज शेळीसारखा निघाला, पण निघाला.

त्यांनी आमची कडब्याची गंजी पेटवली, आप्पांना चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, मारलंही. सदर काही गाव सोडून गेला नाही. पण घासलेटचं काम पाटलांनी पाळीनं वाटलं, एका महिन्याला एक घर, आणि कुणी कितीही चांगलं केलं तरी दुसऱ्या महिन्याला त्याची पाळी संपली. यादी मीच वाचायची, जमिनीवर उभी राहून. मास्तरांचं नाव पहिलं.

ज्वारी पल्याडून हळूहळू परत आली. मावशीला भेटायला जाऊन आलो असं दाखवत आम्ही बायकांनी ती ओटीतून आणली. मृगाला पाची घरांनी पेरलं. पाभरीच्या चाड्यावर अण्णानं डाव्या हाताची मूठ धरली, त्यामुळं ओळी वाकड्यातिकड्या पडत होत्या. मी बांधावर उभी राहून सांगत होते, जरा उजवीकडं, आता डावीकडं, सरळ, सरळ!

"गप बस," अण्णा ओरडला, "न्हायतर परत पेवात टाकीन."

मी काही गप बसले नाही. त्यानंही माझं काही ऐकलं नाही.